पुण्यात माउंटन बाइक चालवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात, टेकडीच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीवर आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये नव्या सायकलवाल्यांकडून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ती पुण्याच्या जमिनीला धरून आहेत: वर सुटा मुरूम, खाली काळा कातळ, कडेला बाभूळ. परदेशी व्हिडिओंत दिसणाऱ्या मऊ, ओलसर जंगलवाटांसाठी दिलेला सल्ला इथे निम्माच लागू पडतो, आणि कोणता निम्मा हे कळेपर्यंत बरेच पैसे खर्च झालेले असतात.

पुण्यात ट्रेल आहेत तरी कुठे?

खुणा केलेले, फक्त सायकलसाठी राखलेले ट्रेल म्हणाल तर त्यांची आशा धरू नका. आपल्याकडे आहेत त्या पायवाटा, गुरांच्या वाटा, वनखात्याच्या जाळरेषा (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या) आणि खाणीकडे जाणारे जुने रस्ते. ते कमी नाहीत.

बहुतेकांची सुरुवात वेताळ टेकडीवर होते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे पौड रस्त्यावरून एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या डांबरी रस्त्याने गेलात तरी दोनशे मीटरहून जास्त चढ पायांत जातो. पाषाणच्या पंचवटीकडून किंवा गोखलेनगरच्या बाजूने चढलात तर तोच चढ दगडांतून चढावा लागतो. वर पठार आहे, जुनी दगडाची खाण आहे, वेताळबाबाचं देऊळ आहे, आणि फिरायला आलेलं अर्धं पुणे आहे. त्यावर पुढे बोलू.

दक्षिणेला कोंढव्याहून बोपदेव घाट चढलात की वेगळीच जमीन लागते. बोपदेव आणि दिवे घाटाच्या मधल्या डोंगरावर कानिफनाथाचं देऊळ आहे. त्या भागातल्या मुरमाड वाटा रुंद आहेत, चढउतार अंगावर येणारे नाहीत आणि दूरवरचं दिसतं. नवशिक्यांना मी वेताळपेक्षा हाच भाग सुचवतो. चूक झाली तर वेग कमी करायला जागा मिळते. पश्चिमेला मुळशी आणि पानशेतच्या बाजूला डांबरी रस्त्यांना फुटलेल्या शेतवाटा आणि धरणाकाठच्या वाटा आहेत, पण तिकडे कालची वाट आज एखाद्या प्लॉटच्या कुंपणात गेलेली असते. गावात विचारावं. "वाट पुढे जाते का?" एवढा प्रश्न नकाशापेक्षा खरा निघतो.

सिंहगड? तो रस्त्याचा चढ आहे. डोणजे-गोळेवाडीकडून पहाटे चढावं, वर दही आणि पिठलं-भाकरी खावी, ब्रेक तपासून उतरावं. पायवाटेने सायकल खाली आणण्याचा विचार करू नका. ती वाट चालणाऱ्यांची आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते.

टेकडीवर सायकल चालवायला परवानगी लागते का?

पुण्याच्या टेकड्यांचा मोठा भाग वनखात्याकडे आहे. प्रवेशाच्या वेळा आणि नियम जागेनुसार वेगळे असतात आणि बदलतात. दारावरची पाटी वाचा, चौकीदाराला विचारा. नाही म्हणाला तर वळा. हुज्जत घातलीत तर पुढच्या महिन्यात तीच पाटी सगळ्यांसाठी मोठ्या अक्षरांत लागते.

काही जागा कायमच्या सोडून द्या: एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) कुंपणाच्या आतली आणि इतर लष्करी जमीन, किल्ल्यांच्या पायऱ्या आणि तटबंदी, आणि नुकतीच रोपं लावलेले उतार. नवीन वाट पाडायची नाही, उड्या मारायला माती उकरून उंचवटे करायचे नाहीत. मुरमाच्या उतारावर एकदा गवत निघालं की पहिल्या पावसात तिथून ओघळ पडतो, आणि दोन पावसांत त्याची घळ होते.

फिरायला आलेले लोक चिडतात. काय करायचं?

चिडतात कारण मागून आवाज न करता सायकल येते. साधी घंटा बसवा. शंभर रुपयांच्या आतली ही वस्तू टेकडीवर हजारोंच्या फोर्कपेक्षा (पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दुहेरी दांड्यापेक्षा) जास्त उपयोगी पडते. चालणाऱ्याला पहिला हक्क, मग चढणाऱ्या सायकलला, उतरणारा सगळ्यांत शेवटी. वळणापलीकडचं दिसत नसेल तर तिथे कोणीतरी आहे असं धरूनच वळायचं. पाच-सहा जण ओळीने जात असाल तर पहिल्याने "मागून अजून चार आहेत काका" एवढं सांगावं.

सकाळी सहा ते नऊ वेताळ किंवा तळजाई टेकडीवर वेगाने उतरण्याचा सराव करायचा नाही, एवढं पाळलंत तरी निम्मे वाद मिटतात. उरलेल्या निम्म्यांत तुम्ही जिंकणार नाही. टेकडीवरच्या काकांशी वाद घालून आजवर कोणीही जिंकलेलं नाही.

पहिल्या सायकलवर किती खर्च करावा?

आधी हे ठरवा की सायकल खरंच वाटेवर जाणार आहे की चांदणी चौकापर्यंत आणि परत. दुसरं उत्तर असेल तर माउंटन बाइक घेऊच नका, हायब्रिड (रस्त्यासाठीची, बारीक टायरची सायकल) घ्या. त्यात कमीपणा नाही आणि पाय कमी दुखतात.

खरंच वाटेवर जायचं असेल तर साधारण हिशेब असा. पंधरा-वीस हजारांत मिळणाऱ्या सायकलीला जाड टायर, पुढे स्प्रिंगचा फोर्क आणि डिस्क ब्रेक असतात. ती माउंटन बाइकसारखी दिसते. सपाट मुरमावर चालते, खडकाळ उतारावर थकते. तिचा फोर्क दबतो पण परत येताना आपटतो, आणि मागच्या चाकाला बहुधा फ्रीव्हील, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या नळीवर) पेचाने बसवलेला चक्रांचा संच, असतं. त्या रचनेत बेअरिंग आसाच्या टोकापासून आत असल्यामुळे उड्या आणि खड्ड्यांत आस वाकतो. पस्तीस-पन्नास हजारांच्या घरात हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक आणि कॅसेटचा, म्हणजे सरकवून बसवायच्या चक्रांचा, हब मिळू लागतो, आणि माझ्या मते पुण्यातल्या नवशिक्याने इथेच थांबावं. सत्तर-ऐंशी हजारांपासून हवेचा फोर्क आणि पुढे एकच चक्र असलेली सायकल येते. तिथपर्यंत जायचं की नाही हे वर्षभर चालवल्यावर ठरवा.

एक सूचना मात्र आग्रहाने. ठरवलेल्या रकमेतले सात-आठ हजार बाजूला काढून ठेवा. हेल्मेट, पंप, चांगले टायर, हातमोजे आणि पहिली सर्व्हिस त्यात बसतात. सगळे पैसे सायकलीत घालून हेल्मेट "पुढच्या पगाराला" घेणारे बरेच भेटतात.

हार्डटेल की फुल सस्पेन्शन?

हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली. पुण्याच्या वाटांवर शंभर ते एकशेवीस मिलिमीटरचा पुढचा फोर्क पुरतो. मागचा शॉक असलेली सायकल चांगली हवी तर दीड-दोन लाखांपुढे जावं लागतं, आणि तिच्या सांध्यांतल्या बेअरिंगांना आपला पावसाळा आणि आपली धूळ, दोन्ही मानवत नाहीत. वीस-पंचवीस हजारांत "डबल शॉकर" मिळत असेल तर दुकानातून हात जोडून बाहेर या. तो मागचा स्प्रिंग तुमची ताकद खातो आणि वजन वाढवतो. बाकी काही करत नाही.

चाक कोणतं? २६, २७.५ की २९?

२९ इंची चाक दगडांवरून सहज जातं. उंची साडेपाच फुटांच्या खाली असेल तर २७.५ सांभाळायला सोपं वाटतं. २६ नव्याने घेऊ नका, त्याचे चांगले टायर मिळणं आता अवघड होत चाललं आहे. फ्रेमचं माप चाकापेक्षा महत्त्वाचं आहे: सायकलीवर दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर वरच्या नळीत आणि तुमच्यात दोन-तीन इंच मोकळे हवेतच. "उंच होईल मुलगा, मोठीच देतो" असं दुकानदार म्हणाला तरी मापाचीच घ्या.

२१ गिअरवाली चांगली की १२ गिअरवाली? १२ म्हणजे कमीच झाले ना?

गिअरची संख्या मोजून सायकल विकण्याची जुनी पद्धत आहे, म्हणून हा गोंधळ. हिशेब करून पाहू. २१ गिअरच्या सायकलीला पुढे सहसा ४२, ३४ आणि २४ दात्यांची तीन चक्रं, मागे १४ ते २८. सगळ्यांत हलका गिअर म्हणजे २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. पायडलच्या एका फेऱ्यात चाक ०.८६ फेरा फिरतं. १२ गिअरच्या सायकलीला पुढे एकच ३२ दात्यांचं चक्र आणि मागे १० ते ५१. तिचा हलका गिअर ०.६३. वरच्या टोकाला पहिली ३.०, दुसरी ३.२. म्हणजे संख्या कमी असून पल्ला दोन्हीकडे जास्त आहे. एआरएआयच्या चढावर ०.८६ आणि ०.६३ यांतला फरक म्हणजे उतरून ढकलणं आणि बसून चढणं.

शिवाय पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) नसल्यामुळे एक वायर, एक लिव्हर आणि एक कटकट कमी. शिमानो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या उतरंडीत टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर असं वर जात राहतं. डिओर हाताशी आलं की त्यापुढे पैसे मुख्यतः वजन कमी करण्यात जातात.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

सगळ्यांत कमी विचारला जाणारा आणि सगळ्यांत जास्त फरक पाडणारा प्रश्न. एवढं एक उत्तर वाचून बाकी पान सोडलंत तरी चालेल.

आपला डोंगर बसाल्टचा. तो झिजून त्याचा मुरूम होतो, आणि पावसाळा संपून दोन-तीन महिने झाले की हा मुरूम कातळावर सुटा पडून राहतो. फरशीवर सांडलेल्या मोहरीवरून चालायचा प्रकार. अशा जमिनीवर टायर दगडाला धरून बसायला हवा, त्यासाठी तो थोडा दबायला हवा. पंक्चरवाल्याकडे हवा भरायला गेलात तर तो सवयीने ५०–६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतो. टायरच्या कडेला जास्तीत जास्त मर्यादा छापलेली असते, तीच तो बरोबर हवा समजतो. इतक्या हवेत चाक प्रत्येक खड्यावरून उडतं, हात बधिर होतात, आणि माणूस फोर्कला शिव्या घालत नवीन फोर्कच्या किमती बघू लागतो.

सत्तर किलोच्या आसपास वजन, २.२ ते २.४ इंचाचा टायर आणि आत ट्यूब असेल तर पुढे २८ आणि मागे ३१–३२ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूबलेस असेल तर पुढे २२–२४, मागे २५–२७. मागे जास्त, कारण वजन मागे. प्रत्येक राईडला एक-दोन पीएसआय कमी-जास्त करून पाहा. रिम दगडावर आपटल्याचा "ठक" आवाज आला तर वाढवा, कोपऱ्यावर टायर निसटत असेल तर कमी करा. मीटर असलेला पायाचा पंप घरी हवाच. अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हणणं चाळीस पीएसआयच्या वर सगळ्यांना सारखंच वाटतं.

नक्षीबद्दल थोडक्यात: पुढे खोल आणि कडेला ठळक गुट्ट्यांचा, मागे थोडा सपाट नक्षीचा टायर. स्लिक (बिननक्षीच्या) टायरवर मुरमाचं वळण घेऊ नका.

दर दुसऱ्या राईडला पंक्चर होतं. ट्यूबलेस करू का?

रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनवलेले असतील तर होय, नक्की. पुण्यातल्या पंक्चरांचं मुख्य कारण काचा नाहीत, काटे आहेत. बाभळीची छाटलेली फांदी वाटेवर पडली की तिचा काटा चांगल्या टायरमधूनही आरपार जातो. आणि पावसाळ्यानंतर गवत सुकू लागलं की सराटे. ते कसेही पडले तरी एक टोक वर राहतं. एका चाकात सात-आठ सराटे म्हणजे ट्यूबला चिकटपट्ट्या लावत बसणं. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, हे सगळं गिळतं, तुम्हाला घरी आल्यावर कळतं.

२९ च्या चाकाला साधारण ८०–१०० मिलिलिटर सीलंट पुरतं. पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर आटतं. दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून पाहा, ओली आली नाही तर भर घाला. "एकदा ट्यूबलेस केलं, आता बघायला नको" असं धरून बसलेला माणूस मे महिन्यात सायकल ढकलत घरी येतो. आणि ट्यूबलेस असली तरी एक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप सोबत असू द्या. कडेची भिंत दगडाने कापली गेली तर सीलंट काही करू शकत नाही.

मोठा काटा रुतलेला दिसला तर वाटेत उपटू नका. घरी पोहोचा, मग उपटा.

डिस्क ब्रेक कुठलाही चालेल ना?

वायरवर चालणारा डिस्क ब्रेक चालतो, पण वायर ताणली जाते, पॅड झिजतात आणि दर काही दिवसांनी स्क्रू फिरवावा लागतो. हायड्रॉलिक एका बोटाने लागतो. लांब उतारावर हा आरामाचा मुद्दा राहत नाही, कारण चार बोटांनी ब्रेक ओढणाऱ्याच्या हातात हँडल धरायला फक्त अंगठा उरतो.

नवीन पॅड असतील तर सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून पंधरा-वीस वेळा दाबून वेग कमी करा, पूर्ण थांबू नका. मगच पकड येते. डिस्कवर तेल किंवा गंजनिरोधक स्प्रे उडू देऊ नका. "आवाज येतो म्हणून स्प्रे मारला" हे वाक्य मेकॅनिक रोज ऐकतात, आणि त्यानंतर नवीन पॅड विकतात. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट द्रव. एकाचं दुसऱ्यात घातलं तर आतली रबरं फुगून ब्रेक निकामी होतो. सर्व्हिसला देताना हे एकदा तोंडाने विचारून घ्या. सिंहगड उतरून आल्यावर डिस्कला बोट लावून पाहायचं नाही.

उतारावर खूप भीती वाटते. सराव कसा करू?

भीती बरोबर ठिकाणी वाटते आहे, तेव्हा तिला घालवायची घाई नको.

पहिली गोष्ट: सीट खाली करा. ड्रॉपर (बटणाने सीट खाली-वर करणारा दांडा) नसेल तर थांबून पाना लावून दोन-तीन इंच खाली घ्या. त्यासाठी थांबायची लाज वाटते म्हणून लोक उंच सीटवरून उतरतात आणि हँडलवरून पुढे जातात. पायडल आडवी, दोन्ही सारख्या उंचीवर. त्यांवर उभे राहा, टाचा खाली, कोपर बाहेर आणि वाकलेले. वजन पायांत हवं, हातांत नाही. बरेच जण "मागे सरका" एवढंच शिकवतात आणि नवशिका सीटच्या मागे इतका जातो की पुढच्या चाकावर भारच राहत नाही. मग मुरमावर पुढचं चाक वळतच नाही, सरळ जातं. मधे राहा, खाली राहा.

दुसरी: नजर. ज्या दगडाकडे बघाल त्याच्यावरच जाल. पुढच्या पाच-सात मीटरची वाट बघा, चाकाखालचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तिसरी: वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, त्याला घाबरून फक्त मागचा दाबलात तर मागचं चाक लॉक होऊन घसरत राहतं, सायकल थांबत नाही आणि वाट खरवडली जाते. पण सुट्या मुरमावर वळत असताना पुढचा ब्रेक ओढला तर आडवे व्हालच. सरळ असताना दोन्ही, वळताना सोडून.

सरावाची जागा म्हणून सोसायटीचा रॅम्प, मैदानातली उतरती कड, बोपदेवच्या वरच्या रुंद वाटा घ्या. एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा. उतरून, चालत बघून, मग चालवून. चालत बघणं कमीपणाचं समजलं जातं. शर्यतीतले लोक मात्र तासन्‌तास वाट चालत बघतात.

आणि एक धोका खास आपल्याकडचा. टेकड्यांच्या उतारांवर पाणी अडवायला सलग समतल चर खणलेले असतात. पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत वाढलं की ते दिसत नाहीत. वाट सोडून गवतात उतरायचं नाही, याचं मुख्य कारण हेच.

चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

उभे राहू नका. सीटच्या पुढच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे झुकवा, हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच लावा आणि पायडल झटक्याने न मारता गोल फिरवा. तरी फिरत असेल तर मागची हवा दोन पीएसआय कमी करा. तरीही फिरत असेल तर ढकला. बोपदेवच्या शेवटच्या सुट्या खडीवर भलेभले ढकलतात.

पावसाळ्यात चालवावी का?

चालवावी, पण कुठे हे जून ते सप्टेंबर महिन्यागणिक बदलतं. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुळशी-ताम्हिणीकडे त्याच्या कित्येक पट. थोड्याशा अंतरात दोन वेगळी हवामानं.

मुरमाची वाट पाणी पिते. पाऊस थांबून तासाभरात चालवण्याजोगी होते, किंबहुना तेव्हाच तिची पकड सगळ्यांत चांगली असते. काळी माती मात्र सोडून द्या. सासवडच्या बाजूला शेतातून वाट काढायचा मोह होतो, पन्नास मीटरवर चाक आणि फ्रेममध्ये माती इतकी भरते की सायकल ढकलताही येत नाही, उचलावी लागते. त्यात डिरेलर ओढला जाऊन हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) तुटतो. शेतकऱ्याचा बांधही खराब होतो, तो वेगळाच. शेवाळलेला कातळ दिसला की उतरा. कुठलाही टायर त्यावर टिकत नाही.

आषाढी वारीत पालखीच्या दिवशी दिवे घाटाकडे राईड ठेवू नका. ज्ञानोबांची पालखी त्याच घाटाने सासवडला जाते आणि रस्ता वाहनांसाठी बंद असतो. पालखी बघायला जायचं असेल तर सायकल घरी ठेवून जा.

चालवण्याचा खरा हंगाम ऑक्टोबर अखेर ते जानेवारी. माती बसलेली, सकाळी गारवा. मार्चनंतर धूळ आणि वणवे. टेकडी जळताना दिसली तर फोटो काढत थांबू नका, १०१ ला किंवा वनखात्याला कळवा आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघा.

पावसात चालवल्यावर सायकल कशी धुवायची?

बादली, फडकं, जुना टूथब्रश. गाड्या धुण्याच्या सेंटरवरच्या जोराच्या फवाऱ्याखाली धरू नका, पाणी हबमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पायडलच्या आसाच्या बेअरिंगमध्ये) शिरतं, ग्रीस निघून जातं आणि दिवाळीत "कुर्र कुर्र" सुरू होतं. चेन पुसून कोरडी करा, प्रत्येक कडीवर आतून एकेक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं. पावसाळ्यात दाट तेल, उन्हाळ्यात पातळ. शिलाई मशीनचं तेल फारच पातळ, इंजिन ऑइल काळं करतं. दोन्ही नकोत.

चेन ताणली आहे का हे पाहायला मापक मिळतो. अकरा-बारा गिअरच्या सायकलीला ०.५ टक्क्यांवर आणि त्याहून कमी गिअरच्या सायकलीला ०.७५ वर बदला. उशीर केलात तर चेनबरोबर कॅसेटही जाते, आणि कॅसेटची किंमत चेनच्या कित्येक पट असते.

हेल्मेट कोणतं? गुडघ्याचे पॅड लागतातच का?

डोक्याला नीट बसणारं, मागचा भाग खाली येणारं, आत प्रमाणित असल्याची खूण असलेलं. मोटरसायकलचं हेल्मेट घालून चढ चढू नका, उन्हाने चक्कर येईल. एकदा डोक्यावर पडलात की हेल्मेट बदलायचं, बाहेरून चिरा दिसो न दिसो. आतला फोम एकदाच दबतो.

मुरमावर पडणं म्हणजे खरचटणं, म्हणून हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. गुडघ्याचे पॅड वेगाने उतरू लागलात की घ्या. चष्मा साधा चालेल, पण हवा, संध्याकाळी किडे डोळ्यांत जातात.

सोबत काय न्यायचं?

माणशी दोन लिटर पाणी. टेकडीवर नळ नाही आणि पठारावर सावली नाही. ट्यूब, पंप, लिव्हर, चेन तोडायचं हत्यार असलेला ॲलन कीचा संच, चेनची जोडकडी. तुमच्याच मॉडेलचा एक डिरेलर हँगर घेऊन ठेवा. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, शनिवारी संध्याकाळी तुटला तर रविवारी मिळत नाही. खाण्यात राजगिऱ्याची चिक्की, खजूर, केळं. परदेशी जेलच्या पाकिटापेक्षा शेंगदाण्याची चिक्की स्वस्त पडते आणि ती खाऊन तोंड वाईट होत नाही. उन्हाळ्यात ओआरएसची पुडी. रिकामी पाकिटं खिशात परत.

कुत्री मागे लागतात. साप निघतात. काय करावं?

कुत्रा वेगामागे धावतो. थांबा, उतरा, सायकल मधे धरा, चालत पुढे जा. लाथ मारायला पाय काढलात की पडता. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा, ओरखडा असला तरी.

घोणस आणि फुरसं पुण्याच्या टेकड्यांवर आहेत. सकाळच्या उन्हात दगडावर येतात. दगड-गवतात हात घालू नका, उघड्या सपातांत ट्रेलवर जाऊ नका. चावलं तर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं यांतलं काहीही करायचं नाही. माणसाला शक्य तितकं न हलवता १०८ ला फोन करून ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. साप पकडून सोबत आणायची गरज नाही.

एकटीने टेकडीवर जायला घरचे नको म्हणतात.

त्यांचं सगळंच चुकीचं नाही. एकट्याने जाणाऱ्या मुलालाही मी हेच सांगतो: सुरुवातीला कोणाच्या तरी सोबत, उजेडात, ओळखीच्या वाटेवर. फोनवरचं ठिकाण घरच्या एकाला दिसत राहू द्या. ११२ हा आपत्कालीन मदतीचा नंबर लक्षात असू द्या. अंधार पडल्यावर बोपदेवच्या माथ्यावर रेंगाळू नका, मग तुम्ही कोणीही असा. पुण्यात सकाळी निघणारे बायकांचे आणि मिश्र सायकल गट भरपूर आहेत. एक-दोन राईड करून पाहा, ज्या गटात मागे राहिलेल्यासाठी कोणीतरी थांबतं तो धरा. जिथे सगळे पुढे निघून जातात तिथे फोटो चांगले मिळतात, एवढंच.

तीच सायकल रोज ऑफिसला नेली तर?

न्या. मागची हवा ४० पर्यंत वाढवा, शनिवारी परत उतरवा. पुण्याचे रस्ते पाहता फार फरक जाणवणार नाही.

इलेक्ट्रिक माउंटन बाइकला लायसन्स लागतं का?

मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. वीस-बावीस किलोची ती सायकल बॅटरी संपल्यावर टेकडीवरून कशी आणणार, हा विचार आधी करा.

जुनी सायकल घेताना काय बघायचं?

बिल. ते नसेल तर पुढचं काही बघू नका, चोरीच्या सायकली फिरत असतात. बिल असेल तर सायकल उलटी करून फ्रेमचे जोड, विशेषतः हँडलखालची नळी जिथे जुळते तिथे रंगाखाली रेघ आहे का बघा. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे असतील तर तेल गळतं. चाक फिरवून डगमग बघा, क्रँक (पायडलचा दांडा) हातात धरून आडवा हलवा, खेळ जाणवला तर बॉटम ब्रॅकेट गेला. चेन मोजा. विकणारा "फक्त रस्त्यावर चालवली" म्हणेल, पायडलच्या खालच्या बाजूचे ओरखडे खरं काय ते सांगतात.

सायकल कुठे ठेवायची? सोसायटीत जागा नाही आणि लिफ्टमध्ये नेऊ देत नाहीत.

पार्किंगमध्ये ठेवायची तर यू आकाराचं कुलूप, फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून, खांबाला. वायरचं कुलूप कटरने काही सेकंदांत तुटतं. पुढचं चाक झटपट निघणाऱ्या आसाचं असेल तर ते वर घेऊन जा. लिफ्टसाठी पुढचं चाक काढून सायकल मागच्या चाकावर उभी करा, तीन फुटांत मावते. चाकं पुसून आत शिरलात तर वॉचमन सहसा काही बोलत नाही. सेक्रेटरी बोलतात. त्यांना सर्वसाधारण सभेत सायकल स्टँडचा ठराव मांडून उत्तर द्या, आणि मांडण्याआधी दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन ठेवा.